पाठमोरा धनाजी

कोळवण, ता. मुळशी
३ फेब्रुवारी २०२५

श्री. निषाद यांस,

तुमच्या सिनेमामुळे एका मुलाचं ठरलेलं लग्न मोडायला आलं आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. नाहीतर सिनेमाबद्दल मी तुम्हाला अवाक्षर कळवणार नव्हते. तुम्ही फोन उचलत नाही. आमच्याकडे रेंज गच्चीच्या एकाच कोपऱ्यात येते आणि तिथे टाकीला टेकून उभं राहून अकरा वेळा तुमची रिंग ऐकण्याचं माझं वय नाही.

विसरला असाल तर ओळख देते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्या घरात तुम्ही अकरा दिवस ‘तुझ्या खिडकीखाली’चं शूटिंग केलंत, त्या घराची मी मालकीण. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं भांडार सांभाळून निवृत्त झालेली. तुमच्याकडून प्रत्येक खुर्चीची पोच लिहून घेणारी ती मीच.

आता मुद्दा. माझ्या घराची राखण करणाऱ्या बानूबाईंचा मुलगा धनाजी तुम्हाला आठवत असेल. तुमच्या नायिकेचं ज्याच्याशी प्रकरण चालू असतं आणि जो नंतर तिचा पिच्छा पुरवतो, त्या नटाला तुम्ही भाताच्या पोत्यांवर प्रेम करायला लावलंत. मी तेव्हाच सांगितलं होतं की नव्या भाताचं कूस टोचतं. तुम्ही म्हणालात, “मॅडम, सीनची गरज आहे.” दुसऱ्या दिवशी त्या नटाच्या अंगावर पायलीभर गांध्या होत्या. मग त्याच्या जागी काळा रेनकोट घालून धनाजीला उभं केलंत. चेहरा दिसायचा नव्हता, नुसती पाठ. कुणाला कळणार?

सगळ्यांना कळलं. धनाजीची जात मेंढरं राखणाऱ्यांची. समोरच्या डोंगरावर बोटाएवढा माणूस पाठमोरा चालत असला तरी ही माणसं नाव सांगतात. सव्वीस जानेवारीला धनाजीचे होणारे सोयरे आणि आमची मंडळी अशी एकोणीस माणसं दोन जीपमधून हिंजवडीला सिनेमाला गेली. मीही होते. चौथ्या मिनिटाला पडद्यावर ती पाठ आली आणि बानूबाई ओरडल्या, “अगं बया, आमचा धना!” पुढे दोन तास तुम्ही ‘कोण असेल, कोण असेल’ म्हणून वाजंत्री वाजवलीत, तेव्हा आमच्या दोन रांगा निवांत शेंगदाणे खात होत्या. शेवटी पोलिसांनी रेनकोटचं टोपडं मागे सारलं आणि आतून तुमचा गोरा नट निघाला. मागून कुणीतरी विचारलं, “ह्यो कोन?” घोटावड्याचे भिकू म्हणाले, “धरला त्यो दुसराच. खरा गेला निसटून.”

सगळे हसले. भिकू हसले नाहीत. भिकूंची मुलगी समीक्षा हीच धनाजीला दिलेली. दिवाळीत सुपारी फुटली आहे, वैशाखात लग्न. तिसऱ्या दिवशी निरोप आला की लग्न थांबवा. होळीपर्यंत समाधान झालं नाही तर सुपारी परत. बायकांच्या मागे लागणाऱ्या माणसाला मुलगी द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. सिनेमा आणि खरं यातला फरक त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

तेव्हा तुम्ही दिग्दर्शक या नात्याने भिकूंच्या नावे पत्र पाठवावं, की धनाजी तिथे फक्त तुमच्या सांगण्यावरून उभा होता. साध्या मराठीत.

सुलक्षणा

ता. क. खिडकीवर रक्त म्हणून फासलेलं बिटाचं पाणी चौकटीतून अजून गेलेलं नाही.

*

पुणे
९ फेब्रुवारी

आदरणीय सुलक्षणा मॅडम,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी उशीत तोंड खुपसून पडलो होतो. सिनेमा दुसऱ्या शुक्रवारी उतरला. एका परीक्षणात लिहिलंय की पाठलाग करणाऱ्यापेक्षा पटकथाच जास्त भटकते. आईला विचारलं, कसा वाटला? म्हणाली, “छान आहे, एसी फार होता.” म्हणून फोन बंद. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी पोस्टाने झापलं, त्याबद्दल आभार.

पण मॅडम, एक सांगतो. ज्यांनी ज्यांनी सिनेमाला नावं ठेवली, त्या प्रत्येकाने एका शॉटचं कौतुक केलं. संध्याकाळची ती लांब चौकट. तो पाठमोरा उभा, समोर उजेड असलेली खिडकी, आणि तो काहीच करत नाही. तो शॉट म्हणजे धनाजी. माझ्या नटाला ते जन्मात जमलं नसतं.

भिकूकाकांच्या नावाचं पत्र सोबतच्या पाकिटात आहे. मनापासून लिहिलंय. लग्न नक्की जमेल.

आपला,
निषाद

*

कोळवण
१५ फेब्रुवारी

निषाद,

मनापासून लिहू नका, असं मी स्पष्ट कळवायला हवं होतं.

पाकिटावर भिकूंचं नाव होतं. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी फोडत नाही. बंद पाकीट घेऊन मी आणि बानूबाई बुधवारी सकाळी घोटावड्याला गेलो. भिकू शेळ्यांना पाला टाकत होते. घोंगडी अंथरली, चहा आला. भिकूंनी पाकीट फोडलं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडे दिलं. “वाचा बाई. माजा चष्मा फुटलाय.”

मी मोठ्याने वाचत गेले. पहिला परिच्छेद ठीक. दुसऱ्यात तुम्ही लिहिलंय: ‘धनाजीची निष्ठा अशी की त्याचा शॉट झाल्यावरही, कुणीही न सांगता, पुढच्या तीन संध्याकाळी तो त्याच जागी, त्याच खिडकीकडे बघत उभा असे.’

मी थांबले. भिकू म्हणाले, “म्होरं वाचा.”

‘कितीही हाका मारल्या तरी त्याचं लक्ष हलत नसे.’

बानूबाईंनी पदर तोंडाला लावला. शेळीसुद्धा चघळायची थांबली, असं मला वाटलं.

मी भिकूंना समजावू लागले की सिनेमात सगळं खोटं असतं. त्यांनी मला हाताने थांबवलं. ते काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते, कारण मागच्या पत्रात मी त्यांच्याबद्दल चुकीचं लिहिलं होतं.

“बाई, शिनमा खोटा असतोय ह्ये मला ठावं हाय. पळ म्हनलं की पळत्यात, पड म्हनलं की पडत्यात. पर तसं उबं ऱ्हानं कुनी सांगून हुतं व्हय? चाळीस वर्सं मेंढरामागं हाय मी. जनावराची नदर कुटं लागलीया ह्ये मला मागनं कळतंया. ह्या पोराची नदर खिडकीतल्या कुनावर तरी लागल्याली हाय. लई लागल्याली. मला येवढंच सांगा, खिडकीत कोन हुतं? ती नटी आसंल, तर आसू द्या. पर मंग माज्या पोरीला कशापायी गळ्यात बांधून घ्येतोय?”

 समीक्षा दारात परात घेऊन उभी होती. ती आत निघून गेली.

परत आल्यावर धनाजीला विचारलं, “कुणाकडे बघत होतास रे?” तो म्हणाला, “कुनाकडं न्हाई.” बानूबाईंनी त्याला चुलीजवळचं लाकूड दाखवलं, तरी तेच. आता मेंढरं घेऊन सकाळीच डोंगरावर जातो आणि जेवायलाही खाली येत नाही. पोरगा वाळला आहे.

होळी तेरा मार्चला आहे. तुमचा कॅमेरा तिथे होता. त्या वेळी खिडकीच्या आत काय चाललं होतं, ते कळवा. विशेषणं नकोत.

सुलक्षणा

*

पुणे
२१ फेब्रुवारी

सुलक्षणा मॅडम,

विशेषणं न घालता लिहितो.

खिडकीच्या आत तुमचं स्वयंपाकघर होतं. नायिका त्या वेळी वरच्या खोलीत केसांना कलप लावत होती. उजेड दिसायला हवा म्हणून आम्ही स्वयंपाकघर चालू ठेवलं होतं, कारण तिथे तसंही युनिटचं जेवण व्हायचं. आतून दुसरा कॅमेरा लावला होता. काचेतून बाहेरचा माणूस कसा दिसतो ते हवं होतं. त्या कॅमेऱ्यात चाळीस सेकंदांचा एक तुकडा आहे. आत एक मुलगी भाकरी थापतेय. बाहेर धनाजी. दोघं काय करतायत ते तुम्ही बघितलंत तर कळेल.

एडिटिंगच्या वेळी मला ते कळलं होतं. तो तुकडा मी वापरला नाही. प्रकरण, संशय, पाठलाग असा सगळा सिनेमा मी बांधत होतो, आणि त्या तुकड्यापुढे माझी बाकीची एकशे अठरा मिनिटं खोटी दिसायला लागली. म्हणून फक्त बाहेरची बाजू ठेवली, खाली घाबरवणारं संगीत टाकलं. एका चांगल्या माणसाला मी संगीत टाकून लंपट केलं. हे मला तुमचं पत्र येईपर्यंत सुचलंच नव्हतं.

आता मी विचारतो, रागावू नका. भाकरी करणारी मुलगी युनिटची नव्हती. स्वयंपाकाची माणसं तुम्ही दिली होतीत. तिचं नाव समीक्षा होतं. तुम्ही पहिल्या पत्रात भिकूकाकांच्या मुलीचं तेच नाव लिहिलंय. आणि पंधरा तारखेच्या पत्रात तुम्ही विचारता, खिडकीत काय चाललं होतं.

तुम्हाला माहीत नव्हतं?

निषाद

*

कोळवण
२६ फेब्रुवारी

चि. निषाद,

खिडकीत समीक्षा होती, हे मला माहीत होतं. धनाजी तिच्याकडे बघत होता, हे माहीत नव्हतं. ते भिकूंच्या घोंगडीवर बसल्याबसल्या माझ्या लक्षात आलं, तरी तुझ्याकडून काही वेगळं निघावं म्हणून विचारलं. अशाने सत्य बदलत नाही, हे मी इतरांना एकतीस वर्षं सांगत आले.

त्याचं कारण असं. समीक्षा तेव्हा मावशीकडे कोळवणला भातकापणीला आली होती. सिनेमा कसा करतात ते तिला बघायचं होतं. भिकूंनी आधीच बजावलं होतं की सिनेमावाल्यांच्यात पाऊल टाकायचं नाही. ती माझ्याकडे आली, म्हणाली, “बाई, मला सैपाकाला ठेवा. पडद्यावर न्हाई, चुलीम्होरं.” मी ठेवलं. पाचव्या दिवशी भिकू तिला बघायला आले आणि फाटकाशीच मला भेटले. मी म्हणाले, “शेतात गेली आहे.” आतून तव्याचा वास येत होता.

म्हणजे तुकडा दाखवला तर धनाजी सुटतो, समीक्षा अडकते आणि मीही. न दाखवला तर धनाजी तसाच. तुझं पत्र आल्यापासून मी यावर झोपते आहे आणि उठते आहे. तुला सरळ लिहायला सांगत होते, आणि वाकडं मी बोलले होते.

काल समीक्षाला शिलाईच्या क्लासबाहेर, पिरंगुटला, गाठलं. निर्णय तिचा, हे तिला सांगितलं. तिने शिलाईची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग विचारलं, “त्यात मी कशी दिसतीया?” मी म्हणाले, मी पाहिलेलं नाही. ती म्हणाली, “मागवा. आबांना मीच दाखवीन. पर तुमी शेजारी बसा.”

तो तुकडा पाठव. संगीत न घालता.

सुलक्षणा

*

पुणे
१ मार्च

सुलक्षणाताई,

पेनड्राइव्ह सोबत आहे. काही जोडलेलं नाही, काही कापलेलं नाही. आवाजसुद्धा तिथला आहे.

तुम्ही मला चिरंजीव लिहिलंत. सिनेमा पडल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या जगण्याबद्दल काहीतरी बरं लिहिलंय.

काय झालं ते कळवा.

निषाद

*

कोळवण
९ मार्च

चि. निषाद,

पेनड्राइव्ह चार तारखेला मिळाला. काल शनिवारी सकाळी घोटावड्याला गेले. सोबत माझा जुना लॅपटॉप, बानूबाई आणि धनाजी. धनाजीला डोंगरावरून खाली आणायला बानूबाई स्वतः वर गेल्या होत्या.  भिकूंच्या फाटकाशी पोचल्यावर तो म्हणाला, “मी हितंच ऱ्हातो.” बानूबाई म्हणाल्या, “ऱ्हा. उबं ऱ्हान्यात तुजा हात कुनी धरनार न्हाई.”

आम्ही बसलो. भिकूंना मी आधी माझं सांगितलं. समीक्षा त्या दिवशी शेतात नव्हती, माझ्या स्वयंपाकघरात होती, आणि मी त्यांना माझ्या फाटकात उभं करून खोटं बोलले.

ते म्हणाले, “तुमी? आन खोटं?”

“एकदा बोलले.”

“धरलं एकदा, म्हनून एकदा,” भिकू म्हणाले. मी ऐकून घेतलं. 

मग त्यांनी मुलीला हाक मारली. “मंजे तू भात कापत न्हवतीस.”

“दोन दिस कापला, आबा.”

“अन बाकी नऊ?”

“भाकरी केल्या. सत्तर मान्सांच्या.”

“सत्तर?” भिकू म्हणाले. “घरात चार करायच्या म्हनलं तर तुजं मनगाट दुकतंय!”

समीक्षाने लॅपटॉप ओढून स्वतःपुढे घेतला आणि बटण दाबलं.

निषाद, तुझा तो सिनेमा मी तिकीट काढून पाहिला आणि घड्याळ पाहत राहिले. हे चाळीस सेकंद मी घड्याळ पाहिलं नाही. माझंच स्वयंपाकघर, माझाच तवा. पोरगी भाकरी थापते आहे, मान खाली. बाहेर रेनकोटातला तो, हातात काठी. ‘काठी नको’ म्हणून तू चारदा ओरडला होतास, तरी काठी आहेच. तो नुसता उभा. मग ती मान वर करते. बराच वेळ तशीच. हातावर थापलेली भाकरी लोंबायला लागते. तव्यावरची धुरकटते. मागून कुणीतरी ओरडतं, “अगं ए, भाकर जळाली!” ती दचकून उलथणं शोधते आणि हसते. बाहेरचा माणूस काठीवरचा हात बदलतो. संपलं.

भिकू म्हणाले, “परत लाव.”

चार वेळा लावलं. चौथ्या वेळी ते पडद्याकडे बघत नव्हते, मुलीकडे बघत होते.

“ह्यो रोज यायचा?”

“व्हय.”

“कुनी न सांगता, असं कागदात हुतं.”

“कागद लिवनाऱ्याला काय ठावं?” समीक्षा म्हणाली. “मीच सांगितलेलं. म्हनलं, हितं खिडकीम्होरं उबा ऱ्हा. दुसरीकडं उबा ऱ्हायलास तर चुलीपासनं दिसत न्हाईस.”

तिची मान वर होती. बानूबाई एकदम म्हणाल्या, “अन त्यो माज्या म्होरं म्हनतोय, कुनाकडं न्हाई!” फाटकाकडे तोंड करून त्या ओरडल्या, “मुडद्या, बोलायला काय झालं हुतं रं तुला?”

फाटकातून आवाज आला, “तिचं नाव कसं घ्यायचं?”

 सव्वा महिना तो मुलगा स्वतःवर डाग घेऊन डोंगरावर बसला होता. एक नाव सांगितलं असतं तर सुटला असता.

भिकू उठले. शेळी बांधली होती तिची दोरी विनाकारण सोडून पुन्हा बांधली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, मला वाटलं ह्यो एकलाच बगतोय. एकल्यानं बगनं वंगाळ. त्यानं बाईमानसाचा जीव जातोय. ही बी बगतीया. तिनंच बोलावल्यालं. मंग आमी दिवाळीत सुपारी फोडली ती कशाला? आमच्या आदीच फुटल्याली की.”

मुलीशी मात्र ते दुपारपर्यंत बोलले नाहीत. खोट्याची शिक्षा म्हणून आठ दिवस घरच्या सगळ्या भाकरी तिने करायच्या, असं ठरलं. मला शिक्षा अशी की लग्नात पंगतीला मी वाढायचं, बसायचं नाही. मी कबूल केलं. धनाजीला आत बोलावलं, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला. भिकू म्हणाले, “आता तरी हिकडं तोंड कर लेका. पाठ बगून बगून दमलो.”

लग्न वैशाखातच, तारीख तीच. बिटाच्या डागाबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

पुढचा सिनेमा करशील तेव्हा कुणाच्या मागे कुणी लागलं, एवढंच दाखवू नकोस. पुढच्याला ते हवं होतं की नाही, ते कॅमेऱ्याला विचार. तुझ्याकडे दोन कॅमेरे होते.

खाली नोंद केली आहे. जपून ठेव.

वस्तू: पेनड्राइव्ह एक, चित्रण चाळीस सेकंद, आवाजासह.
देणार: निषाद. मार्फत: सुलक्षणा.
घेणार: कु. समीक्षा भिकू, घोटावडे. भिकूंनी स्वतःकडे मागितला होता. दिलेला नाही.
दिल्याची तारीख व वेळ: ८ मार्च, सकाळी साडेअकरा, समक्ष.
स्थिती: चालू.
दुसरी प्रत: ठेवायची नाही. पुसल्याचं निषादने लेखी कळवावं.
शेरा: घेणारीची सही झाली आहे. देणाऱ्याची बाकी आहे. ती त्याने वैशाखात जेवायला येऊन करावी.

सुलक्षणा